पास फक्त त्याच मार्गावर

ताई,
मी मूळचा कोल्हापूरचा, वय २७. एमएससाठी अमेरिकेत आलो, आता अटलांटाच्या उत्तरेला नोकरी करतो. रूममेट ब्लॅक आहे, इथलाच, जॉर्जियाचा. दोन वर्षं एकत्र राहतोय, जिवाला जीव देणारा मित्र. (आई अजून फोनवर ‘तो कल्लू आहे का रे घरी?’ असं विचारते. तिला समजावणं मी सोडून दिलंय.) तो आणि त्याचे दोस्त एकमेकांना सारखं ‘तो’ शब्द म्हणतात, म्हणजे एन-वर्ड, गोरे लोक काळ्यांना देत आलेली ती शिवी. शेवटी ‘र’ नसलेला, दोस्तीतला. मलाही म्हणतात. वर्षापूर्वी एका रात्री गाडीत गाणं लागलं होतं, मी तो शब्द गाळून गात होतो. हा हसून म्हणाला, “तुला पास आहे, म्हण.” तेव्हापासून मी म्हणतो. कधी कुणाला खटकलं नाही.

१९ जूनला त्याच्या घरी जूनटीन्थचं जेवण होतं. अंगणात स्पेड्सचा डाव रंगला होता. शेवटचा हात मी मारला आणि पत्ता आपटून त्याला तसं म्हणालो. शेजारच्या टेबलावर त्याची आजी बसली होती, वय ऐंशीच्या वर. तिने हातातलं ताट खाली ठेवलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत निघून गेली. कुणी काही बोललं नाही. येताना गाडीत मित्र म्हणाला, “सोड, जुनी माणसं आहेत.” पण त्या दिवसापासून तो मला तसं म्हणत नाही.

मी गोरा नाही. मलाही विमानतळावर बाजूला घेतात, माझ्या उच्चारांची नक्कल करतात. शब्द त्यांनीच बदलला, प्रेमाचा केला, आणि त्यांनीच मला दिला. मग मी चुकलो कुठे? आता काय करू?
– एक कोल्हापूरकर, अटलांटा

प्रिय कोल्हापूरकरा,

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही सरळ ‘तू’ म्हणते.

आधी एक कबुली. तुझ्या पत्रात तो शब्द सात वेळा आला होता. छापताना मी काही ठिकाणी वाक्यच कापलं आणि उरलेल्या ठिकाणी ‘तो शब्द’ असं केलं. करताना मनात आलं, देवनागरीत लिहिला तर काय बिघडतं? मराठी सदर, मराठी वाचक, त्यात कोण दुखावणार? मग लक्षात आलं, तुझा प्रश्न हाच तर आहे. लिपी बदलली, शेवटचं अक्षर गाळलं, बोलणाऱ्याचा देश बदलला, की शब्द चालतो का? मी तो लिहिला असता तर उत्तर न देताच देऊन बसले असते.

तर उत्तर. चुकलास. पण पत्ता आपटताना नाही. त्याच्या वर्षभर आधी, गाडीत, तू तो शब्द गाळून गात होतास तेव्हा अगदी बरोबर होतास.

तू कोल्हापूरचा आहेस, त्यामुळे मला फार समजावत बसावं लागणार नाही. रंकाळ्यावर दोन जुने मित्र दहा वर्षांनी भेटले, तर ‘कसा आहेस’ आधी निघतं की ‘रांडेच्या’? तो शब्द ऐकल्याशिवाय भेट झाल्यासारखी वाटत नाही. माझे एक काका होते, त्यांनी नावाने हाक मारली की पोरं घाबरायची, कारण शिवी गायब म्हणजे काका खरंच चिडलेत. आता समज, पुण्याहून नवा जावई आला. चार दिवस हे ऐकलं, त्याला वाटलं इथली पद्धतच आहे, आणि पाचव्या दिवशी त्याने ताटावर बसता बसता सासऱ्याला तीच हाक मारली. पुढचं तू डोळ्यांसमोर आणू शकतोस. शब्द तोच, आवाजातलं प्रेमही खरंच, पण हाक मारण्याचं नातं त्याच्याकडे नव्हतं.

ब्लॅक लेखक ता-नेहिसी कोट्स यांना २०१७ मध्ये शिकागोजवळच्या इव्हान्स्टन गावात एका तरुण मुलीने तुझ्यासारखाच प्रश्न विचारला होता. त्यांचं उत्तर असंच घरगुती होतं. वडिलांना त्यांच्या घरचे लोक एका लाडाच्या नावाने हाक मारायचे. मुलगा असूनही मी त्यांना त्या नावाने हाक मारणं विचित्रच झालं असतं, असं काहीसं ते म्हणाले. कुणाला कुणी काय म्हणायचं हे नातं ठरवतं, हे आपल्याला सगळीकडे कळतं. याच एका शब्दापाशी लोकांना ते कळेनासं होतं.

पण कोल्हापूरची उपमा मी इथेच थांबवते. ती फार सोयीची आहे. आपल्या त्या शिवीने (ती बाईवरून आहे, त्याचं भांडण मी वेगळ्या दिवशी काढीन) कुणाला बाजारात उभं करून विकलं नव्हतं. त्या आजींच्या कानात जो शब्द आहे, त्याने विकलं होतं.

लॅटिनमधल्या ‘काळा’ या अर्थाच्या साध्या शब्दापासून तो निघाला, स्पॅनिश-पोर्तुगीजांकडून इंग्रजीत आला. १६१९ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून पळवलेली वीसेक माणसं उतरवली गेली, तेव्हा तो केवळ वर्णनाचा शब्द होता असं म्हणता येईल. पुढच्या दोनशे वर्षांत त्याचं काय झालं, ते होसिया ईस्टन या ब्लॅक धर्मोपदेशकाने १८३७ मध्येच लिहून ठेवलंय. गोऱ्या घरांत लहान मुलं ऐकेनाशी झाली की आया त्यांना या शब्दाची भीती घालत, आपल्याकडे बागुलबुवाची घालतात तशी. म्हणजे मूल बोलायला शिकायच्या आधी त्या शब्दाला घाबरायला आणि त्याची किळस करायला शिकत होतं. पुढे हाच शब्द पाट्यांवर आला, झाडाला माणूस लटकवणाऱ्या जमावाच्या तोंडी आला.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर तुझ्या जवळचं सांगते. अटलांटाच्या उत्तरेला म्हणतोस, म्हणजे फोरसाइथ काउंटी तुला माहीत असणार. कमिंग गाव, तिथली नवी घरं, चांगल्या शाळा, भारतीय किराण्याची दुकानं. तुझे दोन-चार मराठी मित्र तिथे घर घेऊन बसलेले असतील. १९१२ मध्ये त्या काउंटीतून सगळ्या ब्लॅक लोकांना, सुमारे ११०० माणसांना, धमक्या देऊन, घरं-चर्च जाळून हाकलून लावलं. त्यानंतर सत्तरहून अधिक वर्षं ती काउंटी जवळजवळ पूर्ण गोरी राहिली, ठरवून. १९८७ च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ काही जणांनी तिथे मोर्चा काढला, तर त्यांच्यावर दगड पडले आणि दगडांबरोबर तो शब्दही. पुढच्या आठवड्यात वीसेक हजार लोक जमले, तेव्हा कुठे रस्ता मोकळा झाला. मित्राची आजी तेव्हा चाळिशीत असणार. तिने हे टीव्हीवर पाहिलं असेल, किंवा त्या वीस हजारांत ती असेलही. १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला तेव्हा ती वीस-बावीस वर्षांची, म्हणजे कुठल्या नळाचं पाणी प्यायचं हे ‘गोरे’-‘काळे’ अशी पाटी बघून ठरवण्यात तिचं सगळं तरुणपण गेलेलं. आणि तू तो शब्द उच्चारलास १९ जूनला. टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनला गुलामगिरी संपल्याची बातमी १८६५ मध्ये ज्या तारखेला पोचली, त्या तारखेला. जेवण त्यासाठीच होतं ना?

मग ब्लॅक लोक स्वतः का म्हणतात, हा तुझा पुढचा प्रश्न. ज्याने मारलं त्याच्या हातातली काठी काढून घेऊन तिचा टेकायला उपयोग करावा, तसं काहीसं. पण तू लिहितोस ‘त्यांनी शब्द प्रेमाचा केला’, जणू त्यांनी सभा घेऊन ठराव केला. तसं काही झालेलं नाही. त्यांच्या घरातच यावर भांडण आहे आणि ते जुनं आहे. रिचर्ड प्रायर हा विनोदी कलावंत. १९७४ मध्ये त्याने तो शब्द थेट आपल्या अल्बमच्या नावात घातला आणि त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. १९७९ मध्ये तो केनियाला जाऊन आला. तिथे सगळीकडे काळी माणसं, दुकानदार, पोलीस, मंत्री, आणि त्याला एकाही माणसाकडे बघून तो शब्द सुचला नाही. परत आल्यावर त्याने तो वापरणं सोडलं आणि तसं रंगमंचावरून सांगितलं. पुढच्या पिढीत एन.डब्ल्यू.ए.सारख्या रॅप मंडळींनी तोच शब्द पुन्हा छातीवर मिरवला. २००७ मध्ये एनएएसीपी या त्यांच्या सर्वांत जुन्या हक्क-संघटनेने डेट्रॉइटमध्ये त्या शब्दाची चक्क अंत्ययात्रा काढली, शवपेटीसकट. शब्द काही मेला नाही. पण ज्या घरात आजी अंत्ययात्रेच्या बाजूची आणि नातू गाण्याच्या बाजूचा, त्या घरात तू पाहुणा. घरचेच अजून ठरवताहेत, त्यात पाहुण्याने मत देऊन मोकळं व्हावं?

आता त्या ‘पास’कडे येते. माझं तुझ्याशी खरं भांडण त्या पासवरून आहे.

तू कॉलेजला एसटीने गेला असशील तर आठव. पासवर नाव असतं, फोटो असतो, कुठून कुठपर्यंत ते लिहिलेलं असतं. इचलकरंजी–कोल्हापूरच्या पासावर कुणी सांगलीच्या गाडीत चढलं तर कंडक्टर काय करतो? तुझ्या मित्राने गाडीत, रात्री, दोघंच असताना, हसत हसत जे दिलं ते त्याच्या एकट्याच्या खिशातलं होतं. आजीच्या वतीने द्यायला ते त्याच्या मालकीचंच नव्हतं. आणि खरं सांगू? त्या क्षणी त्याने ते दिलं की तुझी अडचण टाळली, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. आपणही पाहुण्याला म्हणतो ना, ‘असू दे, चपला घालूनच या आत.’ शहाणा पाहुणा दाराबाहेर चपला काढतोच.

तुला ते म्हणत होते त्याचं काय? ते तुला म्हणाले, तो त्यांनी तुला दिलेला पाट होता. पाट मिळाला म्हणून आपण वाढायला उठत नाही.

यावर मी पुस्तकी बोलत नाहीये. १९८३ साली मी पुण्यात हॉस्टेलला होते. माझी जिवलग मैत्रीण मराठवाड्यातली, दलित. नामांतराच्या दंगलीत, १९७८ मध्ये, तिच्या गावात घरं जळाली होती, हे तिने मला एकदाच सांगितलं होतं, कपडे वाळत घालता घालता. तिच्या गावाकडच्या अजून दोघी हॉस्टेलला होत्या. तिघी एकत्र आल्या की एकमेकींना आपल्या जातीच्या नावाने हाक मारायच्या, गावात ज्या सुरात ती हाक अंगावर यायची अगदी त्याच सुरात, आणि हसून हसून लोळायच्या. मी शेजारी बसलेली असायचे. मला वाटायचं मी चौथी. एक दिवस मेसच्या रांगेत, ती पुढे घुसली म्हणून, मी तिला तशीच हाक मारली. तोच सूर. प्रेमानेच.

ती हसली. मला वाटलं जमलं.

पण त्यानंतर त्या तिघी माझ्यासमोर एकमेकींना तसं म्हणेनाशा झाल्या. मी खोलीत शिरले की त्यांची हाक बदलायची. तिने मला तोडलं नाही, आजही आमची मैत्री आहे, माझ्या मुलीच्या लग्नात ती दोन दिवस राबली. पण ती खोली, जिच्यात त्या मनमोकळं हसायच्या, ती मी त्यांच्याकडून काढून घेतली. गावातल्या पाटलाच्या तोंडचा शब्द त्यांनी मोठ्या कष्टाने धुऊन आणला होता, आणि पाटलाच्या बाजूच्या घरात जन्मलेल्या मुलीच्या तोंडून तो पुन्हा निघाला. धुतलेलं सगळं परत मळलं. तुझा मित्र तुला आता तसं म्हणत नाही, ते रागाने नसावं. त्याने आपली भाषा तुझ्यासमोरून उचलून ठेवली आहे. मला विचारशील तर तुझं खरं नुकसान हे आहे.

आपल्या साहित्याच्या वाचकाला हे नवं वाटू नये. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ मध्ये आत्मकथेच्या मुखपृष्ठावर ‘अक्करमाशी’ हा शब्द छापला. तोळ्याला मासे बारा, म्हणून अक्करमाशी म्हणजे अकराच, एक मासा कमी, अनौरस, हिणकस. गाव ज्या शब्दाने आयुष्यभर टोचत आलं, तोच त्यांनी स्वतःच्या नावावर लावला. लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ लावला. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींपैकी एकीतले ते. मी ग्रंथालयात जाऊन ‘अक्करमाशी आहे का हो?’ असं विचारते, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण लेखकाने स्वतःला म्हटलंय म्हणून मी उद्या कुणाला त्या नावाने हाक मारीन का? पुस्तकाचं नाव घेणं आणि माणसाला त्या नावाने हाक मारणं, या दोन गोष्टी आपल्याला मराठीत न शिकवता कळतात. अमेरिकेत त्या शब्दाबाबत पहिली गोष्टसुद्धा आता बहुतेक जण टाळतात, नुसतं ‘एन-वर्ड’ म्हणतात. अभ्यासाच्या वर्गात तो उच्चारावा की नाही यावर तिथे प्राध्यापकांत वाद आहेत. तुझा प्रश्न वर्गातला नाही, पत्त्याच्या डावातला आहे, त्यामुळे त्या वादात मी तुला नेत नाही.

आणि तुझं ते वाक्य, ‘मी गोरा नाही’. त्यावर मला जरा हसू आलं, राग मानू नकोस. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड नावाचा एक पंजाबी गृहस्थ, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेला, नागरिकत्वासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. युक्तिवाद काय? मी उच्चवर्णीय आर्य, म्हणजे गोराच. न्यायालयाने एकमताने ‘नाही’ म्हटलं. तेव्हा कायद्याने नागरिकत्व गोऱ्यांना मिळायचं आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही मिळायचं. त्या माणसाला दुसऱ्या दारातून जावंसं वाटलं नाही. त्याचा दोष काढत नाही, त्या काळात पोट भरायचं होतं. पण कागद हवे होते तेव्हा आपण गोरे, आणि गाणं म्हणायचंय तर आपण काळे, हे बरं दिसत नाही रे.

तुला त्रास होतो हे खोटं नाही. १९८७ मध्ये, फोरसाइथला दगड पडले त्याच वर्षी, न्यू जर्सीत ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळक्याने कुंकू लावणाऱ्या बायकांवरून नाव घेऊन आपल्या लोकांना गाठून मारलं. आपल्यासाठीही शिव्या आहेत, त्या तू ऐकल्या असशील. त्या धुऊन वापरायच्या की गटारात टाकायच्या ते तुम्ही ठरवा. कुणी गोरा दोस्त ‘मला पास दिलाय’ म्हणत तुझ्या आईला टिकलीवरून हाक मारू लागला तर तुला कसं वाटेल, एवढंच विचारते. आपलं दुःख खरं आहे म्हणून दुसऱ्याच्या दुःखाची चावी आपोआप हातात येत नाही. शिवाय आपण तिथे पोचलो कसे? १९४६ पासून भारतातून वर्षाला जेमतेम शंभर माणसांना प्रवेश होता. ते दार खऱ्या अर्थाने उघडलं १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा आला नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेवर. त्या आजीच्या पिढीने मार खाल्ला, त्या वाटेवरून तुझा व्हिसा आला.

एक प्रसंग तुला मुद्दाम सांगायचा आहे, कारण तो तुझ्याच शहरात सांगितला गेला. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले होते. त्रिवेंद्रमला एका शाळेत गेले, तिथली मुलं बहुतेक पूर्वीच्या अस्पृश्य घरांतली. मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली ती अशी की, हे पाहुणे म्हणजे अमेरिकेतले आपल्यासारखेच एक अस्पृश्य. किंग यांना आधी धक्का बसला, थोडा रागही आला. मग त्यांनी आपल्या देशातल्या कोट्यवधी बांधवांचा विचार केला आणि मनाशी म्हणाले, हो, मी अस्पृश्यच आहे. हे त्यांनी ४ जुलै १९६५ ला अटलांटातल्या एबेनेझर चर्चमध्ये प्रवचनात सांगितलं. ती जागा तुझ्या घरापासून तासाभरावर असेल. बघ, इथे पण बाहेरच्या माणसाला शब्द दिला गेलाच की! पण काय दिलं गेलं? ओझं. शब्द मिळाल्यावर ते हसले नाहीत, आधी दचकले. आणि घरी नेऊन मित्रांना त्या नावाने हाका मारत सुटले नाहीत.

आपल्याकडच्या पोरांनीही १९७२ मध्ये मुंबईत अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून ‘दलित पँथर’ उभी केली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही मंडळी शिव्यांना बिचकणारी नव्हती, ढसाळांच्या कवितेत तर भाषा सोलून निघालेली आहे. त्यांनी तिकडून काय उचललं? पँथर. तो शब्द नाही. आपल्या वाट्याच्या शिव्या त्यांच्याकडे भरपूर होत्या.

असो, आता काय करायचं ते.

आजीला भेट. मेसेज नको, मित्रामार्फत निरोप नको. जाऊन, उभं राहून. जॉर्जियात वडीलधाऱ्या बाईला ‘मॅम’ म्हणतात, ते विसरू नकोस. दोन वाक्यं पुरेत: त्या दिवशी तुमच्या घरात मी तो शब्द उच्चारला, तो माझा नव्हता, मला माफ करा. ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर’ असलं काही जोडू नकोस. वाटलंय, तू पाहिलंयस. आणि पासचा उल्लेख तर अजिबात नको. तू स्वतःला सोडवायला जाशील आणि नातवाला आजीपुढे उभं करून येशील. त्याचं त्याचं तो बघेल. घरून आलेला चिवडा किंवा लाडू बरोबर नेऊ नकोस, माफी तोंडात लाडू असताना ऐकायची नसते. चिवडा पुढच्या खेपेला ने, बोलावलं तर. ती काहीच बोलली नाही, तरी ‘माफ केलंत ना?’ असं विचारून तिच्याकडून उत्तर काढू नकोस.

मित्राला एवढंच सांग की, मी तो शब्द सोडला, तू सोडावास असं माझं म्हणणं नाही. तो काय म्हणतो, कुणाला म्हणतो, यात तू पडायचं नाही. काही जण असा शब्द सोडल्यावर दुसऱ्या दिवसापासून ब्लॅक मित्रांनाच उपदेश करायला लागतात, ते सगळ्यात वैतागवाणं.

गाण्याचं विचारलं नाहीस, पण तुझी सुरुवात तिथेच झाली म्हणून सांगते. २०१८ मध्ये अलाबामात केंड्रिक लमार या ब्लॅक रॅपरने एका गोऱ्या चाहतीला रंगमंचावर बोलावून आपलं गाणं म्हणायला दिलं. तिने शब्द न गाळता म्हटलं आणि त्याने तिला मध्येच थांबवलं. गाणं त्याचं, शब्द त्याचे, बोलावणंही त्याचंच, तरीही. मला तिची थोडी दयाही येते. हजारो लोकांसमोर ती परीक्षा होती आणि तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. तुला गाडीत कुणी बघत नाही. तरी तेवढी मात्रा मोकळी सोड. तबलजीला खाली जागा सोडता येते, तुलाही येईल. कोट्स यांचं म्हणणं असं की, सगळ्या जगावर आपला हक्क आहे असं शिकून मोठं झालेल्या माणसाला ती एक मोकळी जागा बरंच काही शिकवते.

ऑफिसात तर विचारही करू नकोस. तिथे ‘आमच्यात चालतं’ हे खुद्द ब्लॅक माणसालाही सोडवत नाही: २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका खटल्यात ब्लॅक आणि पोर्टो रिकन वंशाच्या साहेबाने ब्लॅक कर्मचारी बाईला तो शब्द वापरला, ‘आपल्या लोकांत तो प्रेमाने म्हणतात’ असा बचाव केला, आणि ज्यूरीने तिला अडीच लाख डॉलर द्यायला सांगितले. तुझा व्हिसा कंपनीच्या हातात आहे, हे मी सांगायला नको.

आता शेवटचं, जे तू कंसात लिहिलंस आणि मला मात्र तेच सगळ्यात मोठं दिसलं. आईचं ‘कल्लू’.

माझ्या आईकडेही असे शब्द होते. ‘हबशी’ तर आम्ही लहानपणी आडदांड पोराला म्हणायचो. हबश म्हणजे इथिओपिया, तिथून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने खडकी वसवली, जिचं पुढे औरंगाबाद झालं. १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. हे शाळेत शिकून घरी येऊन आम्ही ‘हबशी’ म्हणून एकमेकांना चिडवायचो. दोन्हींचा मेळ घालावा असं कुणालाच सुचलं नाही. तुझ्या मंडळातही गणपतीच्या आरतीनंतर, प्रसाद खाताना, ‘त्या भागात घर घेऊ नका, काळे फार आहेत’ हे ऐकू येत असेल. तू तिथे काय करतोस? मला वाटतं, हसून विषय बदलत असशील.

आईला समजावणं सोडलंस, असं लिहिलंयस. पुन्हा सुरू कर. तिला इतिहास सांगू नकोस, मित्राचं नाव सांग, आणि तिला नावानेच विचारायला लाव. चार वेळा चुकेल, पाचव्यांदा म्हणेल. आणि हे त्याच्यापासून लपलंय अशा भ्रमात राहू नकोस. दोन वर्षं तो तुझ्याबरोबर राहतोय. ‘चहा’ त्याला कळतो, ‘जेवलास का’ कळतं. तू फोन स्पीकरवर ठेवून भांडी घासतोस, आणि तो पलीकडे सोफ्यावर बसलेला असतो.